पोह्यांनंतरचे दोन तास

न्याहारीचा पहिला घास घेतल्यापासून दोन तास झाले की धाकट्या बहिणीच्या मोबाईलचा गजर वाजायचा. मग साबणानं हात धुऊन, नीट कोरडे करून ती बोटाच्या कडेला सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावायची. एकदा आंबा चिरून तशीच बसली, तर आकडा थेट २१०! हात धुऊन पुन्हा तपासलं, तेव्हा ११८. बोटाला लागलेला रसही मशीनला फसवतो, हे त्या दिवशी घरात सगळ्यांनाच कळलं.

तिला गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात मधुमेह निघाला होता. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे गरोदरपणात इन्सुलिनचा जोर कमी पडतो. आईची जादा साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं, बाळाचं वजन फाजील वाढतं आणि नाळ कापल्यावर त्याची साखर एकदम घसरू शकते. म्हणून सरकारी नियमावलीप्रमाणे पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, उपाशीपोटी नसतानाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. पुढे जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत राहायचं.

आता यात मोबाईलचं काम काय? वहीतले आकडे पुढच्या भेटीपर्यंत वहीतच राहतात, आणि बाळ तर रोज वाढत असतं. बहीण रोजचा आकडा आणि ताटाचा फोटो एका ॲपवरून डॉक्टरांकडे पाठवायची. पोह्यांनंतर १५८ आल्यावर संध्याकाळीच निरोप आला: पोहे निम्मे करा, सोबत मोडाचे मूग घ्या, खाल्ल्यावर थोडं चाला. चार दिवसांत आकडा ११६वर आला. माझ्या मते सगळा फायदा या उत्तरात आहे. पलीकडून कुणी पाहणार नसेल, तर सुंदर आलेख असलेलं ॲपही कोरडंच.

दंडावर चिकटवायचा सेन्सरही मिळतो. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो. टाइप १ मधुमेह असलेल्या गरोदर स्त्रियांच्या बाळांना त्याचा फायदा झाल्याचं २०१७च्या ‘कन्सेप्ट’ चाचणीत दिसलं. गरोदरपणातच उद्भवलेल्या मधुमेहात बहुतेकींना साधं ग्लुकोमीटर पुरतं. परवडत नसेल, तर सेन्सरसाठी जीव टाकू नये. सेन्सरचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे घाम फुटला, हात थरथरले, तर बोट टोचूनच खात्री करा. आणि इन्सुलिनचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील, ॲप नव्हे.

बाळंतपणानंतर हे ॲप मोबाईलमधून काढून टाकायची घाई मात्र करू नका. त्यात आजच एक गजर लावून ठेवा. बाळाला सहाव्या आठवड्याच्या लसी द्यायला जाल, त्या सकाळी आईनं उपाशीपोटी जावं आणि स्वतःचीही ग्लुकोजची तपासणी करून घ्यावी.