राउहोइत्ता: शांत करणं आणि शांत करत राहणं

आजच्या भागात फक्त एक शब्द. फिनिश भाषेतलं क्रियापद, राउहोइत्ता. हेडफोन लावून ऐकत असाल तर एकदा मोठ्याने म्हणून बघा: राउ-होइत-ता.

मी हेलसिंकीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि संध्याकाळी फिनिशच्या क्लासला जातो. हा शब्द तिथेच भेटला.

'राउहा' म्हणजे शांतता. त्याला प्रत्यय लागला की राउहोइत्ता, म्हणजे शांत करणं. रडणारं बाळ असो, बिथरलेला कुत्रा असो, नाहीतर आपलंच धडधडणारं मन, सगळ्यांना हेच क्रियापद चालतं. डॉक्टर मन शांत करायला गोळी देतात ना, ती 'राउहोइत्तावा लॅके'.

आता गंमत बघा. पूर्व फिनलंडच्या साइमा सरोवरात एक सील राहतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्या शिकारीवर १९५५पासून बंदी आहे. अशा संरक्षित प्राण्याला फिनिशमध्ये म्हणतात 'राउहोइतेत्तु'. क्रियापद तेच! म्हणजे शांत करायचं तर कधी कधी त्याला काही करायचं नसतं, बाकीच्यांना थांबवायचं असतं.

पण माझ्या डोक्यात बसलं ते याचं व्याकरण. ही दोन वाक्यं ऐका:

राउहोइतिन लास्ता.
राउहोइतिन लाप्सेन.

पहिल्याचा अर्थ, मी बाळाला शांत करत होतो. दुसऱ्याचा, मी बाळाला शांत केलं, झालं एकदाचं. मराठीत हा फरक क्रियापद दाखवतं: 'करत होतो' आणि 'केलं'. फिनिशमध्ये क्रियापद जसंच्या तसं राहतं, बदलतं ते बाळाचं रूप. 'लास्ता' म्हटलं की काम अजून चालू आहे, किंवा जमलंच असं नाही. 'लाप्सेन' म्हटलं की काम फत्ते.

शिवाय 'शांत होणं' हे वेगळं क्रियापद आहे, राउहोइत्तुआ. त्याची आज्ञा 'राउहोइतु!', म्हणजे आपलं 'शांत हो!'. नीट बघितलं तर यात बोलणारा काहीच करत नाही. सगळं काम समोरच्याच्या गळ्यात.

हे मला कळलं ते बाबांची बायपास ठरली त्या दिवशी. आईचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेअकरा. ती रडत होती आणि मी म्हणत होतो, "आई, तू आधी शांत हो बघू." तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा ती आणखीच रडायला लागली.

मग मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, "डॉक्टर काय काय म्हणाले, पहिल्यापासून सांग. आणि जेवलीस का?" ती पाऊण तास बोलली, मी नुसतं "हं, हं" करत राहिलो. फोन ठेवताना तिची काळजी होती तेवढीच होती, पण रडणं थांबलं होतं. झोपली की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, काल काय केलंत? मी म्हणालो, "राउहोइतिन ॲइतिॲ." ॲइती म्हणजे आई. रूप मुद्दाम पहिलंच वापरलं, काम चालू असलेलं. बाईंनी चूक काढली नाही.

तर मंडळी, आज कुणाला 'शांत हो' म्हणायची वेळ आली, तर आधी जरा थांबा आणि काय झालं ते विचारा. भेटू पुढच्या भागात!