आपली पिशवी आपल्यालाच उचलता आली पाहिजे

सोयाबीन घरात आलं, दिवाळी झाली, पाहुणेरावळेही आपापल्या गावी परतले. आता गटाच्या बैठकीत हमखास एक विषय निघतो, तो म्हणजे, "यंदा कुठं जायचं?" १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून हा विषय जरा जास्तच रंगतो. कुठं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आज मी बोलणार आहे ते जायच्या आदल्या दिवसाबद्दल. म्हणजे सामान भरण्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? पिशवी घेतली आणि भरली. मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या वर्षी आमच्या गटातल्या सोळा जणी चार मुक्कामांच्या सहलीला गेलो. लातूरहून पंढरपूर, तिथून कोल्हापूर, मग रत्नागिरी आणि पुढं गणपतीपुळे. सगळा प्रवास साध्या एसटीनं. नुसत्या जाताना पाच गाड्या बदलल्या. म्हणजे पाच वेळा सामान चढवलं आणि पाच वेळा उतरवलं. पंढरपूरच्या स्टँडवरच निम्म्या जणींचे खांदे भरून आले. एकीच्या पिशवीचा बंद तुटला, एकीच्या लोणच्याच्या बरणीचं तेल सगळ्या लुगड्यांवर पसरलं.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळाबाहेर आमच्या एका काकूंना घेरी आली. दवाखान्यात नेलं तर बीपी खूप वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत का?" काकू गप्प. गोळ्या घरी देवळीतच राहिल्या होत्या. दोन दिवस घेतल्याच नव्हत्या. आणि काकूंच्या पिशवीत काय काय होतं? सगळ्यांना पुरतील असे चाळीस लाडू होते, सहा लुगडी होती, नातीला आणायच्या वस्तूंची यादी होती. घरातून निघताना त्यांनी जनावरांची वैरण कुणी टाकायची, मुलांचे डबे कुणी करायचे, हे सारं सांगून ठेवलं होतं. सगळ्यांचं आठवलं, फक्त स्वतःचं राहिलं.

काकू बऱ्या झाल्या, सहलही पुरी झाली. पण घरी आल्यावर आम्ही बैठकीत ठरवलं की, सामान भरायचं ते नीट शिकायचं. ते काय शिकलो, तेच आज सांगते.

पहिली गोष्ट. यादी करा, आणि यादीची पहिली ओळ कपड्यांची नको, आपल्या औषधांची करा. बीपीच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या, ज्या गोळ्या रोज चालू आहेत त्या प्रवासात बंद करायच्या नाहीत. जितके दिवस जाणार, त्याहून दोन दिवसांच्या जास्त घ्या. कधी गाडी चुकते, कधी मुक्काम वाढतो. गोळ्या सुट्या करून पुडीत बांधू नका. पाकिटासकट घ्या, म्हणजे नाव वाचता येतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. आणि हे सगळं मोठ्या पिशवीत नाही, तर खांद्याला अडकवायच्या छोट्या पर्समध्ये ठेवा. मोठी पिशवी डिकीत गेली की स्टँड येईपर्यंत हाताला लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या बहिणींनी तर ते डिकीत मुळीच ठेवू नये, तिथं फार तापतं. ते बर्फालाही थेट टेकवायचं नाही.

त्याच पर्समध्ये आधार कार्ड, थोडे पैसे, मोबाइल आणि चार्जर, घरच्या माणसांचे नंबर लिहिलेला कागद. मोबाइल बंद पडला की नंबर आठवत नाहीत, म्हणून कागद हवाच. सगळे पैसे एका जागी ठेवू नका. निम्मे कनवटीला, निम्मे पर्समध्ये. सोनं घरीच बरं. काळ्या मण्यांची साधी पोत घालून देवदर्शनाला गेलं तरी देव ओळखतो.

दुसरी गोष्ट, कपडे. चार मुक्कामांना अंगावरची एक आणि पिशवीत तीन साड्या पुरतात. "लोक काय म्हणतील, तीच साडी पुन्हा नेसली?" असं मनात येतं. पण मैत्रिणींनो, कोल्हापुरातल्या माणसांनी आपली पंढरपुरातली साडी पाहिलेलीच नसते! लवकर वाळणाऱ्या साड्या निवडा. सुती साडी रात्रीतून वाळत नाही, सिंथेटिक वाळते. थंडीत कोल्हापूरला पहाटे गारठा असतो, म्हणून एक स्वेटर घ्या. तो पिशवीत न भरता अंगावर किंवा हातावर ठेवा. घाट उतरून कोकणात गेलं की डिसेंबरातही दुपारी घाम येतो, तिथं जाड कपड्यांचं काम नाही.

आता भरायचं कसं? साडीची घडी पिशवीच्या रुंदीएवढी करा. तिच्यावर त्याच दिवसाचा परकर, झंपर आणि आतले कपडे ठेवा. मग घट्ट वळकटी करा आणि जुन्या नाडीनं बांधा. एका दिवसाची एक वळकटी. सकाळी अंधारात उठून आवरायचं असतं तेव्हा एकच वळकटी उचलायची. बाकी पिशवी उपसावी लागत नाही. वळकट्या उभ्या लावल्या तर जागा कमी लागते आणि वरून सगळं दिसतं.

जड टॉवेल नको, पंचा घ्या. तो हलका असतो आणि लवकर वाळतो. जाड चादरीऐवजी एक जुनं मऊ लुगडं घ्या. ते अंथरता येतं, पांघरता येतं, कपडे बदलताना आडोसा म्हणून धरता येतं. एका वस्तूची तीन कामं झाली तर दोन वस्तू घरी राहतात. पाळीची तारीख जवळ नसली तरी पॅड किंवा स्वच्छ घड्या घ्याच. प्रवासाच्या दगदगीत पाळी मागंपुढं होते.

ओल्या कपड्यांसाठी एक वेगळी प्लास्टिकची पिशवी ठेवा. समुद्रात भिजलेली साडी गोड्या पाण्यात खळबळून घ्या. मीठ तसंच राहिलं तर ते हवेतली ओल धरतं आणि कपडा काही केल्या वाळत नाही. कोकणातली हवा आधीच दमट. म्हणून मोठं धुणं करायचंच असेल तर कोल्हापूरच्या मुक्कामी करा. आणि एक सांगते, कपडे किंवा खाणं बांधायला खताची, फवारणीच्या औषधाची रिकामी पिशवी कधीही वापरू नका, कितीही धुतलेली असली तरी.

तिसरी गोष्ट, आणि यातच गटाचा खरा फायदा आहे. सामान वाटून घ्या. आमच्या सोळा पिशव्यांत मागच्या वर्षी सोळा तेलाच्या बाटल्या, सोळा टूथपेस्टी आणि अकरा बॅटऱ्या निघाल्या! आता आम्ही चार-चार जणींची टोळी करतो. एक जण तेल, साबण, पेस्ट आणते. दुसरी बॅटरी, सुई-दोरा, सेफ्टी पिना आणि कपडे वाळत घालायची दोरी आणते. तिसरीकडं औषधांचा डबा असतो. त्यात जखमेची पट्टी, तापाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं-अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा. चौथी जण कोरडं खाणं सांभाळते. पण प्रत्येकीची रोजची औषधं मात्र प्रत्येकीकडंच. ती वाटणीत येत नाहीत.

खाण्याचं सांगायचं तर, पहिल्या दिवसाला भाकरी-पिठलं, दुसऱ्या दिवसाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, पुढं चिवडा-लाडू. पातळ, तेलकट काही नको. लोणचं न्यायचंच असेल तर फोडी निथळून छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात. पाणी भरपूर प्या, पण वाहून किती नेणार? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. छोटी बाटली घ्या आणि चांगलं पाणी मिळेल तिथं भरत चला. पाणी कमी पिऊन लघवी रोखायची आपल्याला सवय असते, ती प्रवासात फार त्रास देते. गाडी थांबली की चौघींनी मिळून जाऊन या.

कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट लागतो. वळणांनी ज्यांना मळमळतं त्यांनी पुढच्या बाजूला बसावं, मोबाइलमध्ये न बघता लांब समोर बघावं, आणि रिकामी पिशवी हाताशी ठेवावी. मळमळीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घाटाआधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

चौथी गोष्ट, पिशवीची ओळख. आपल्याला प्रशिक्षणात मिळालेल्या पिशव्या सगळ्या एकाच रंगाच्या. डिकी उघडली की "ही माझी, ती माझी" सुरू होतं. बंदाला एक रंगीत चिंधी बांधा. आतल्या बाजूला कापडावर नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहून टाका. आणि पिशवी गच्च भरू नका. पाव भाग रिकामा ठेवा. कोल्हापूरचा गूळ, कोकणातलं आमसूल, फणसपोळी, नातवंडांसाठी काहीतरी, हे येणारच. कोकम सरबताची बाटली घेतली तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उभी ठेवा.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जायच्या आदल्या संध्याकाळी पिशवी पूर्ण भरा. खांद्याला लावा आणि घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन या. वाटेत एकदाही खाली ठेवायची नाही. आल्यावर ओट्याच्या पायऱ्या दोनदा चढा-उतरा. दम लागला, खांदा दुखला, तर घरात या आणि वस्तू काढा. पुन्हा चाला. जी पिशवी गावात उचलवत नाही, ती पंढरपूरच्या स्टँडवर गर्दीत कशी उचलणार? आणि दुसरी कुणी उचलेल म्हणाल, तर तिच्या खांद्यालाही तिची पिशवी आहेच.

मागच्या वर्षी माझी पिशवी गावातल्या दुकानाच्या काट्यावर चौदा किलो भरली होती. यंदा सगळी तयारी करून ठेवली तर सहा किलो भरली. आठ किलो घरी राहिले आणि मला त्यातलं काय काय राहिलं तेही आठवत नाही.

घेरी आलेल्या त्या काकू यंदाही येणार आहेत. परवा त्यांच्याकडं गेले तर पिशवी भिंतीला टेकवलेली होती. मी विचारलं, "काकू, लाडू किती घेतले?" त्या म्हणाल्या, "लाडू तुम्ही आणा गं. मी माझ्या गोळ्या मोजून घेतल्यात. सात दिवसांच्या." आणि पर्स उघडून पाकीट दाखवलं.

मैत्रिणींनो, वर्षभर आपण घरादाराचं ओझं वाहतो. चार दिवस बाहेर पडतो ते जरा हलकं होण्यासाठी. तिथंही ओझंच वाहायचं असेल तर मग घर काय वाईट होतं? तुमच्या पुढच्या बैठकीत ही यादी वाचा, टोळ्या पाडा, आणि आदल्या संध्याकाळी सगळ्याजणी पिशव्या घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत चालून या. गावातली पोरं हसतील. हसू द्या.

तुमचा प्रवास सुखाचा होवो. पुन्हा भेटू. नमस्कार.