पीयूसीच्या चिठ्ठीत न येणारा वायू

पीयूसी काढायला आलेल्या माणसाला घाई असते आणि चाचणीला इंजिन तापलेलं लागतं. सगळ्या वादावादीचं मूळ हेच. पुणे–सातारा रस्त्यावरच्या एका पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यात, पीयूसीच्या टपरीत मी दुपारभर बसलो होतो. जवळच्याच सोसायटीतले एक काका गाडी घेऊन आले. टपरीतल्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी सरकवली. कार्बन मोनॉक्साइड ०.६ टक्के, बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ची.

"काका, गाडी थंड आहे. एक चक्कर मारून या."

"दरवर्षी पास होते, आजच काय झालं?" काका वैतागले, पण गेले. परत आले तेव्हा आकडा ०.०४.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जास्तीचं सोडावं लागतं. मग हवा अपुरी पडते आणि कार्बनच्या वाट्याला दोनऐवजी एकच ऑक्सिजन येतो. हे अर्धवट जळलेलं पुढे निस्तरायचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. पण त्यातला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर तीनेकशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय हलत नाही. भाजी आणायला काढलेली गाडी तेवढी तापायच्या आत परत पार्किंगमध्ये लागते.

स्क्रीनवर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसतात. मुलगा आधी तेच बघतो. कार्बन डायऑक्साइड १४-१५ टक्क्यांच्या खूप खाली आणि ऑक्सिजन भरपूर, म्हणजे सायलेन्सर कुठेतरी फुटलाय किंवा नळी अर्धवट बाहेर आहे. नळी अर्धवट ठेवली की कुठलीही खटारा गाडी पास होते, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

मग डिझेल टेम्पो आला. "रेस द्या, पूर्ण!" भस्सकन काळा लोट. इथलं यंत्र वेगळं: धुरातून प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोचतो ते मोजायचं. डिझेल सिलिंडरमध्ये फवाऱ्यानं येतं. फवाऱ्याच्या गाभ्यात हवा शिरत नाही, तिथे काजळी धरते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम लागू झाले, इंधनातलं गंधक दर दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आलं. गंधक कन्व्हर्टरचा थर निकामी करतं, त्यामुळे इंधन आधी सुधारल्याखेरीज नव्या गाड्यांचा उपयोग नव्हता.

मला खटकतं ते चिठ्ठीवर नसलेलं. नायट्रोजन ऑक्साइडचा रकानाच त्यावर नाही. हा वायू इंधनातून येत नाही. इंजिनात ओढलेल्या हवेतला नायट्रोजन ज्वालेच्या प्रखर उष्णतेत ऑक्सिजनशी जुळतो, तेव्हा तो बनतो. धूर कमी करायला ज्वाला जितकी कडक करावी तितका हा वाढतो, आणि पुढे उन्हात, न जळलेल्या हायड्रोकार्बनच्या संगतीनं, जमिनीलगत ओझोन तयार करतो. पेट्रोल गाडीत कन्व्हर्टर त्यालाही आवरतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन उरलेला असतो, तिथे ती युक्ती चालत नाही; म्हणून बीएस-६ ट्रकला युरियाची वेगळी टाकी.

म्हणजे टेम्पोचा काळा लोट पकडला जातो आणि ज्याला रंग जवळजवळ नसतो तो सुटतो. बरं, टपरीत नवं यंत्र आणून हे भागायचं नाही. नायट्रोजन ऑक्साइड खरा उसळतो तो कात्रजचा घाट भरल्या गाडीनं चढताना. जागेवर उभ्या गाडीत तो फारसा सापडणारच नाही. मोजायचा तर गाडी रोलरवर चढवून तिला ओझं द्यावं लागेल, आणि या टपरीत तर टेम्पोचं तोंडसुद्धा मावत नाही.