लेखांक 7 : बदल तेवढाच कळवा

रत्नागिरीच्या वेधशाळेचा जागतिक हवामान-संकेतातला क्रमांक 43110 आहे. तिथे समुद्रसपाटीचा वायुभार 1004.6 हेक्टोपास्कल भरला, तर सिनॉप संकेतात तो 40046 असा लिहितात. पहिला 4 म्हणजे ‘पुढे समुद्रसपाटीचा वायुभार आहे’ ही खूण. हजाराचा 1 आणि दशांशचिन्ह गाळलेले असते. वायुभार 4.6 इतका कधीच असू शकत नाही, म्हणून गाळलेला 1 वाचणारा बिनचूक परत ठेवतो. हीच नोंद 998.7 असेल तर 49987. संदेश आखूड झाला, पण माहिती तसूभरही कमी झाली नाही. तारेच्या जमान्यातली ही काटकसर आजच्या लॉसलेस कॉम्प्रेशनची, म्हणजे काहीही न गमावता डेटा आवळण्याची, मूळ कल्पना आहे: समोरच्याला जे आधीच ठाऊक आहे, ते पाठवायचे नाही.

संगणकातली फाइल आवळणे त्या मानाने सोपे. सगळा मजकूर समोर असतो; मागेपुढे पाहून, पुन्हापुन्हा येणारे तुकडे शोधायला सवड असते. टेलिमेट्रीत, म्हणजे दूरवरच्या उपकरणाने सतत नोंदी धाडण्यात, पुढचे मोजमाप अजून जन्मालाच आलेले नसते. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळच्या 64 मीटर उंच पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. अशा ठिकाणी नोंद थोपवून धरली, तर मोजण्याचा हेतूच फसतो.

वाशिष्ठीची पातळी दर मिनिटाला सेंटिमीटरमध्ये मोजली, असे धरू. आकडे केवळ समजण्यापुरते: 412, 412, 413, 413, 415, 419. प्रत्येक नोंदीला 16 बिट दिले, तर सहा नोंदींचे 96 बिट होतात. नदी एका मिनिटात फारशी हलत नाही, म्हणून ‘आधीइतकीच’ हा सर्वांत साधा अंदाजही बराचसा खरा ठरतो. मग पहिला आकडा पूर्ण पाठवून पुढे फक्त फरक कळवायचे: 0, 1, 0, 2, 4.

पण या लहान फरकांनाही 16 बिटच दिले, तर काय साधले? इथे सॉलोमन गोलोम यांनी 1966 मध्ये मांडलेली आणि अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या रॉबर्ट राइस यांनी अंतराळयानांसाठी सुटसुटीत केलेली संकेतपद्धत कामी येते. आधी चढ-उतार एकाच रांगेत बसवतात: 0 ला 0, उणे 1 ला 1, अधिक 1 ला 2, उणे 2 ला 3, अधिक 2 ला 4. मग या संख्येला समजा 2 ने भागायचे. भागाकार जितका, तितके 1, मग थांब्याचा 0, शेवटी बाकी. फरक 0 असेल तर ‘00’, एवढ्यावर काम भागते. फरक 1 ला तीन बिट, 2 ला चार, 4 ला सहा. पाचही फरक 17 बिटांत बसतात आणि पहिल्या नोंदीसह एकूण 33 बिट होतात.

खरी मेख मात्र पावसाळ्यात कळते. नदी शांत असताना डेटा उत्तम आवळला जातो. पूर चढू लागला की अंदाज चुकतात, फरक मोठे होतात आणि संदेश फुगतो. नोंदीची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेव्हाच आवळण्याचा लाभ आटतो. म्हणून वाहिनीची क्षमता सरासरीवर ठरवणे हा निव्वळ भाबडेपणा. चांगल्या पद्धतीत ‘हा गट जसाच्या तसा पाठवला आहे’ असे सांगणारी खूणही ठेवलेली असते, म्हणजे संकेत मूळ नोंदींपेक्षा फारसा लांब होत नाही.

दुसरी अडचण हरवलेल्या संदेशाची. फरकांच्या साखळीतली एक कडी निसटली की पुढची प्रत्येक पातळी चुकते. त्यामुळे नोंदी गटांत बांधतात आणि प्रत्येक गटाची सुरुवात पूर्ण आकड्याने करतात.

वाशिष्ठीला कोयनेच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी मिळते. घाटमाथ्यापलीकडच्या त्या कोयना परिसरात 11 डिसेंबर 1967 रोजी मोठा भूकंप झाला आणि तो भाग भूकंपशास्त्रज्ञांच्या कायम नजरेखाली आला. भूकंपमापकांच्या नोंदींसाठी जगभर रूढ असलेली स्टाइम पद्धतही फरकांचीच आहे. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत 32 बिटांच्या एका शब्दात, फरक किती मोठे आहेत त्यानुसार, एकापासून सातपर्यंत फरक मावतात. गटाच्या आरंभी पहिल्या नोंदीबरोबर शेवटचीही नोंद लिहिलेली असते. उलगडताना बेरीज तिथे जुळली नाही, तर गट बिघडला हे लगेच कळते.

गट भरेपर्यंत थांबावे लागते, हा त्याचा तोटा. 512 बाइटच्या गटात, सेकंदाला 100 नोंदी धरल्या तर, जमीन अगदी स्तब्ध असताना सुमारे सात सेकंदांच्या नोंदी मावतात. मिनिटाला एकच नोंद करणाऱ्या पर्जन्यमापकाला तसाच गट भरायला कित्येक तास लागतील. त्यामुळे तिथे तो अर्धा रिकामाच सोडावा लागतो. भूकंपात मात्र उलटे घडते. फरक मोठे होऊन एका शब्दात दोनच मावू लागले, तर तोच गट दोन सेकंदांत भरतो आणि लवकर रवाना होतो.