सोन्याचे मोल आणि कृपेचे दान : खाणवस्तीतील ख्रिस्ती प्रीतिकथा

ख्रिस्ती श्रद्धेचा परिपोष करणाऱ्या ऐतिहासिक प्रीतिकथा हा इंग्रजी वाङ्मयातील, विशेषतः अमेरिकेत लोकप्रिय झालेला, एक स्वतंत्र प्रकार होय. यात दोन कथा समांतर चालतात : एक नायक-नायिकेची, दुसरी जीव आणि ईश्वर यांची. पहिलीचा शेवट दुसरीवर अवलंबून असतो. या कथांना सरहद्दीवरील खाणवस्ती ही पार्श्वभूमी का मानवते, हा प्रश्न विचारार्ह आहे.

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा येथे जेम्स मार्शल यांस सोन्याचे कण सापडले आणि हजारो पुरुषांचे लोंढे तिकडे लोटले. १८५० च्या शिरगणतीत तेथील स्त्रियांचे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होते. सुवर्णरज हेच चलन. धान्य, दारू आणि स्त्रीचा सहवास ही सारी त्याच तराजूत तोलली जात. जेथे प्रत्येक गोष्टीला किंमत आहे, तेथे विनामूल्य मिळणाऱ्या ईश्वरी कृपेची कल्पना अधिक ठळक होते. खाणवस्तीचे महत्त्व या विरोधात आहे.

फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' (१९९१, सुधारित आवृत्ती १९९७) ही कादंबरी याचे ठळक उदाहरण. जुन्या करारातील संदेष्टा होशेय पंधरा शेकेल रुपे व जव देऊन स्वैरिणी पत्नीला परत आणतो. तीच कथा येथे १८५० च्या कॅलिफोर्नियात अवतरते. लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली एंजेल आणि शेतकरी मायकेल होशेया ही तिची प्रमुख पात्रे. मायकेलही आरंभी इतरांप्रमाणे सोने मोजूनच तिची भेट मिळवतो. परंतु मागतो ते केवळ तिचे मन.

या कथेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. एंजेल विवाहाला होकार देते, तेव्हा ती मारहाणीने अर्धमेली झालेली असते. असा होकार स्वेच्छेचा कसा मानावा? आक्षेप पूर्णतः निराधार नाही. तथापि कथेची रचनाच त्याचे अंशतः उत्तर देते. विवाह येथे कथेचा शेवट नसून आरंभाजवळची घटना आहे. एंजेल वारंवार निघून जाते. अखेरीस दूर राहून स्वतःच्या पायांवर उभी राहते, आपल्यासारख्या स्त्रियांना आधार देते आणि त्यानंतरच स्वखुशीने परतते. कृपा विकत घेता येत नाही, तशीच ती लादताही येत नाही, हे कथेचे मर्म होय.

मराठी वाचकाला येथे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीचे स्मरण होईल. तेथे विधवांची दुःस्थिती आणि ख्रिस्ती श्रद्धा एकत्र गुंफलेली आहेत. देश, काळ व रचना भिन्न असली, तरी समाजाने जिचे मोल ठरवून टाकले तिला माणूस म्हणून पाहणे, ही दोहोंतील प्रेरणा एकच. अशा कथेचे यशापयश उपदेशाच्या प्रमाणावरून नव्हे, तर त्या स्त्रीला स्वतःची निवड करण्यास किती अवकाश मिळाला, यावरून पारखले पाहिजे.