पियानोचा हौशी वादक व त्याचे श्रोते

चाळिशी-पन्नाशी गाठलेला एखादा मनुष्य पियानो शिकावयास बसतो, तेव्हा त्याच्या त्या उद्योगास बाहेरून कोणताच आधार नसतो. लहान मुलास शिक्षकांचा धाक असतो, परीक्षेची तारीख असते, संमेलनात पहिल्या रांगेत आईबाप बसलेले असतात. प्रौढास ह्यांपैकी काहीच नाही. शिवाय त्याची एक विशेष अडचण असते : त्याचा कान प्रौढ असतो आणि हात बालकाचा. वीस-तीस वर्षे उत्तमोत्तम वादन ऐकून त्याची अभिरुची तयार झालेली असते. बोटे मात्र पहिल्या पाठाशीच अडखळतात. आपले वादन बेसूर-बेताल होत आहे हे मुलाच्या गावीही नसते, म्हणून ते आनंदाने पुढे जाते. प्रौढास ते क्षणोक्षणी जाणवते, आणि सहा महिन्यांनी पियानोवर फुलदाणी येऊन बसते. ही फुलदाणी दूर ठेवण्यासाठी जगभरचे कित्येक हौशी वादक सांप्रत एक साधी रीत पाळतात. घरी वाजविलेल्या रचनांचे ध्वनिमुद्रण ते एकमेकांकडे पाठवितात, ऐकतात, व ऐकून काय वाटले ते कळवितात. ह्या रीतीने काय साधते आणि कशामुळे साधते, ते आज सांगावयाचे आहे.

हौशी वादकाचे एकटेपण पूर्वापार चालत आलेले नाही. 'अमॅच्युअर' ह्या शब्दाचे मूळ प्रेम करणे ह्या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. अठराव्या शतकात रचनाकार अशा प्रेमीजनांनाच डोळ्यांसमोर ठेवून ग्रंथ छापीत. योहान सेबास्टियन बाखने १७३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या वादनसंग्रहाच्या मुखपृष्ठावर, हे काम संगीतप्रेमींच्या मनोरंजनार्थ केले आहे, असे नमूद केले. त्याचा पुत्र कार्ल फिलिप इमॅन्युएल ह्याने १७७९ ते १७८७ ह्या काळात सहा संग्रह जाणकार आणि प्रेमी ह्या दोघांना उद्देशून काढले. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास बनविलेला पियानो पुढे एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत स्थिरावला. ज्यांना वाद्यवृंद ऐकण्याचा योग क्वचितच येई, अशी माणसे बीथोव्हनच्या सिंफनी एकाच पियानोपुढे दोघे बसून, चार हातांनी वाजवून समजावून घेत. चुका पुष्कळ होत; पण शेजारी कोणीतरी असे.

मग ध्वनिमुद्रण आले. एडिसनने फोनोग्राफ तयार केला तो १८७७ साली. १९०६ मध्ये जॉन फिलिप सूझा ह्या प्रसिद्ध अमेरिकन बँडनायकाने एक लेख लिहून धोक्याची सूचना दिली. घरोघरी यंत्रच वाजू लागले तर शिकण्याचे कष्ट कोण घेईल, आणि मग हौशी वादक उरेल कोठे, असा त्याचा प्रश्न होता. ही भीती निराधार नव्हती. ग्रामोफोन आणि त्यामागून आलेला रेडिओ (मी ज्या साधनाने बोलतो आहे तेही ह्या अपराधात सामील आहे) ह्यांनी वाजविणाऱ्या कुटुंबाचे ऐकणारे कुटुंब केले. पण तेच यंत्र एके दिवशी प्रत्येक वादकाच्या खिशात बसेल आणि त्याचे वादन क्षणार्धात दुसऱ्या खंडातील श्रोत्याकडे पोहोचवील, ही कल्पना सूझाला कोठून यावी?

आता, पियानोवादकास ध्वनिमुद्रणाची एवढी गरज का भासते, हे वाद्याच्या रचनेवरून ध्यानात येईल. आपल्या पेटीत पट्टी दाबून धरली की भात्यात हवा आहे तोवर स्वर टिकतो, आणि तो लहानमोठा होतो तो भात्याच्या दाबाने. पियानोचे तसे नाही. त्याच्या ८८ पट्ट्यांपैकी एखादी दाबली की नमद्याने मढविलेली हातोडी तारेकडे उसळते, आणि तारेस भिडण्यापूर्वीच ती पट्टीच्या ताब्यातून सुटलेली असते. वादकाच्या हाती उरतो तो केवळ हातोडीचा वेग. स्वर उमटला की लगेच विझू लागतो. त्यास फुलविता येत नाही. म्हणून पियानोवरील अखंड सुरावट हा एक कुशल आभास होय. मागील स्वराचा जेवढा आवाज उरला असेल त्यास जुळेल अशा बेताने पुढील स्वर वाजवावा लागतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताची साथ हलकी राखावी लागते. ह्या धांदलीत मन नेहमी पुढच्या मात्रेवर असते, झालेला स्वर ऐकण्यास ते मोकळेच नसते. वादकास ऐकू येते ते त्याने योजिलेले. ध्वनिमुद्रण ऐकविते ते प्रत्यक्ष वाजलेले.

पहिल्यांदा ते ऐकणे सुखाचे नसते. सोपी जागा आली की लय धावते, अवघड आली की रेंगाळते. पेडल वेळेवर न सोडल्यामुळे एका स्वरसमूहाचा नाद दुसऱ्यात मिसळून गढूळ होतो. तरी यंत्राचे सर्वच म्हणणे खरे मानू नये. पुष्कळ मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतात व लहान आवाज उचलतात. त्यामुळे वादनातील चढउतार सपाट भासतात. मोबाइल पियानोवर न ठेवता पाचसहा फुटांवर ठेवावा, म्हणजे पट्ट्यांची खटखटही कमी येते. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत विजेवर चालणारा पियानो पुष्कळदा हेडफोन लावून वाजवितात. शेजाऱ्यांची झोपमोड टळते खरी, परंतु वादकाशिवाय दुसऱ्या कोणाच्याच कानी काही पडत नाही. अशा वादकास तर ध्वनिमुद्रण हाच एक दरवाजा.

परंतु आरसा दाखविणे निराळे आणि धीर देणे निराळे. धीर देतो तो समानशील श्रोता, आणि तोही नेमके बोलला तर. शूमानने १८४८ साली मुलांसाठी रचलेल्या संग्रहात आनंदी शेतकऱ्याची एक लहानशी रचना आहे. प्रौढ शिकाऊंच्याही ती फार आवडीची. तिची सुरावट डाव्या हातात आहे आणि उजव्या हाताकडे बहुतांशी साथ. शिकाऊ वादकाचा उजवा हात सवयीने पुढे येतो आणि शेतकऱ्याचे गाणे बुडते. अशा वेळी 'वा, छान' एवढेच लिहिणारा मित्र फारसा उपयोगी नाही, व दोषांची यादी करणारा त्याहून नाही. 'शेवटी सुरावट पुन्हा येते तेथे डावा हात सुरेख गातो. आरंभी मात्र उजव्याने त्यास झाकले' असे जो लिहितो त्याचे पत्र वादक पियानोवर ठेवून सरावास बसतो. कारण त्यास दोन गोष्टी एकदम कळतात : आपणांस ते साधते, आणि ते कोठे साधलेले नाही.

चार्ल्स कुक ह्या हौशी वादकाने १९४१ साली केवळ आनंदासाठी पियानो वाजविणाऱ्यांकरिता एक पुस्तक लिहिले. व्यवसायाने तो न्यूयॉर्कचा पत्रकार. मोडलेले हाड सांधल्यावर त्या जागी अधिक बळकट होते, ह्या समजुतीच्या आधारे तो सांगतो की रचनेतील दुबळ्या जागा वेचून त्यांवरच इतकी मेहनत करावी की त्या सर्वांत भक्कम व्हाव्यात. त्या जागा हेरण्यास परका कान फार उपयोगी पडतो.

हौशी वादकांच्या स्पर्धाही आहेत. पॅरिसमध्ये १९८९ साली एक सुरू झाली. अमेरिकेतील फोर्ट वर्थ येथे व्हॅन क्लायबर्न ह्याच्या नावे १९९९ साली दुसरी, ३५ वर्षांवरील वादकांकरिता. तेथील वादक थक्क करणारे असतात. तरी स्पर्धेत एकाचे यश दुसऱ्याच्या वाट्यास येत नाही, आणि प्रौढ शिकाऊंचे खरे गरजवंत तेथवर पोहोचतही नाहीत.

लंडनच्या 'गार्डियन' पत्राचे तेव्हाचे संपादक अ‍ॅलन रसब्रिजर २०१० च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील हौशी वादकांच्या एका शिबिरास गेले होते. त्यांचे वय तेव्हा ५६. शोपँचा पहिला बॅलड ही १८३६ साली प्रसिद्ध झालेली, व्यावसायिकांनाही धास्ती घालणारी रचना तेथे त्यांनी ऐकली. वाजविणारा कोणी विख्यात कलावंत नव्हता, त्यांच्यासारखाच एक हौशी होता. त्यास जमते तर आपणांस का न जमावे, असे मनात येऊन त्यांनी रोज मिळतील ती वीसएक मिनिटे त्या रचनेस देण्याचे ठरविले. मुदत एका वर्षाची ठेविली. त्याच काळात विकिलीक्सचे प्रकरण त्यांच्या कचेरीत येऊन थडकले. मुदत टळली, पण डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी तो बॅलड निमंत्रितांपुढे वाजविला.