काट्यावरच्या नोंदीची दुसरी प्रत



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याबरोबर वजनकाट्यावरचा संगणकही रात्रंदिवस चालतो. परवा केडगाव गटात फिरताना एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारलं, "साहेब, ते मशीन जळालं तर माझ्या उसाचं वजन कुठं शोधायचं?" प्रश्न बिनतोड आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि ते याच नोंदीवरून निघतात.

मी शेतकी पदविकेचा माणूस, संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. पण पूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यात असताना ऐन हंगामात रात्री काट्यावरच्या संगणकाची डिस्क गेली. प्रत रोज निघत होती, म्हणून कुणी घाबरलं नाही. उघडायला गेलो तर उघडेना. चालणारी शेवटची प्रत निघाली तीन आठवड्यांपूर्वीची! रोज प्रत काढणाऱ्याने ती उघडून कधी पाहिलीच नव्हती. मग गावोगावच्या वजन पावत्या गोळा करून दोन दिवस नोंदी पुन्हा चढवल्या. एका सभासदाची पावती सदऱ्याच्या खिशात धुण्यात गेली होती. त्याच्या दोन खेपा शेवटी टोळीच्या मुकादमाच्या वहीवरून लागल्या.

प्रत बिघडते कशी? भरलेली गाडी काट्यावर येते, ऊस गव्हाणीत पडतो, मग रिकाम्या गाडीचं वजन होतं आणि वजाबाकी करून निव्वळ वजन निघतं. प्रत उतरायला समजा दहा मिनिटं लागली, तर पहिली पानं उतरेपर्यंत शेवटची बदललेली असतात. अशा प्रतीचा मेळ बसत नाही. काटा बंद ठेवावा तर बाहेर गाड्यांची रांग, आणि तोडलेला ऊस तर वाळतोच. म्हणून चांगल्या प्रणालीत खतावणीबरोबर रोजकीर्दही असते. प्रत्येक नोंद आधी क्रमाने रोजकीर्दीत पडते. खतावणी बिघडली तर आधीची चांगली प्रत घ्यायची आणि तिच्यावर रोजकीर्दीतल्या नोंदी पुन्हा चढवायच्या. काटा थांबवावा लागत नाही.

आता ही प्रत ठेवायची कुठे? काणी लागलेल्या फडातलं बेणं दुसऱ्या शेतात लावलं तर काणीही तिकडं जाते, हे आपणांस सांगायला नको. संगणकाचंही तसंच. २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत जगभर विषाणू शिरला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचंही काम अडलं. कोणाला आत सोडायचं याची यादी ठेवणारे तिचे सुमारे दीडशे संगणक एकमेकांच्या प्रती ठेवीत. पण सगळे एकाच तारेवर, त्यामुळे सगळेच पुसले गेले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगला आपण इतक्या शिव्या घालतो, पण तिथं तिनेच लाज राखली. त्या एका प्रतीवरून यादी पुन्हा उभी राहिली. तरीही कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले.

तेव्हा एक प्रत तार काढून, काट्यापासून दूर, वेगळ्या इमारतीत कुलपात असावी. आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून चार-दोन सभासदांची वजनं पावतीशी ताडून पाहावीत. हंगामाआधीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. आपणही वार्षिक सभेत विचारावं, विचारण्यात संकोच कसला?

तोवर आपल्या हातातलं काम. काही काट्यांवर पावतीचा कागद गुळगुळीत असतो, त्यावरची अक्षरं उन्हाने उडतात. म्हणून पावती मिळाली की खेपेचा नंबर, तारीख, गाडी नंबर व निव्वळ वजन घरच्या वहीत उतरवून घ्यावं. दर पंधरवड्याला वही घेऊन गट कार्यालयात या. फरक दिसला तर बिल निघण्यापूर्वीच लेखी अर्ज द्या. अर्ज लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहून देईन.